वेढ्यांतील सिंफनी

देशभक्तिपर संगीत म्हटलें कीं त्याच्यासमोर परका शत्रु आणि त्याच्या पाठीशीं स्वकीयांचें राज्य, असें चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें येतें. परतंत्र देशांत हें चित्र थोडें बदलतें. तेथें राज्यच परकें असतें आणि गाणारा त्या राज्याविरुद्ध गातो. फिनलंडवर रशियाच्या झारचा अंमल असतांना सिबेलियसनें १८९९ सालीं 'फिनलंडिया' रचिली ती याच जातीची. या दोन्ही प्रकारांत कलावंताचें काम कठीण असेल, पण त्याचा हिशेब सरळ असतो. याखेरीज आणखी एक परिस्थिति संभवते आणि ती फार बिकट आहे. राज्य आपलेंच, भाषा आपलीच, शत्रुहि खरोखरच वेशीपर्यंत आलेला. मात्र ज्या राज्याच्या रक्षणासाठीं गावयाचें त्याच राज्यानें चार वर्षांपूर्वीं गाणाऱ्याच्या घरचीं माणसें उचलून नेलेलीं! अशा वेळीं त्यानें काय गावें, आणि गाइलें तर कोणासाठीं? दिमित्रि शोस्ताकोविच या रशियन संगीतकारावर हा प्रसंग आला, आणि त्यांतून जी रचना निघाली ती लेनिनग्राड शहराच्या नांवानें सर्व जगांत ओळखली जाते.

शोस्ताकोविच १९०६ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जन्मला. पुढें याच शहराचें नांव लेनिनग्राड झालें. त्याची पहिली सिंफनी १९२६ सालीं वाजविली गेली तेव्हां तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. सिंफनी म्हणजे शंभराच्या आसपास वादकांनीं मिळून वाजवावयाची, बहुधा चार खंडांची, पूर्णपणें लिहून ठेवलेली दीर्घ रचना. तिच्यांत गायकाला बहुधा स्थान नसतें, आणि शब्द नसल्यामुळें तिचा अर्थ लावण्याचें काम ऐकणाऱ्यावर पडतें. ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९३४ सालीं त्याची 'म्त्सेन्स्क जिल्ह्यांतील लेडी मॅकबेथ' ही संगीतिका रंगभूमीवर आली आणि दोन वर्षें तिचा मोठा बोलबाला झाला. २६ जानेवारी १९३६ रोजीं स्टालिन हा खेळ पाहण्यास मॉस्कोच्या बोलशोय नाट्यगृहांत आला आणि शेवट होण्यापूर्वींच उठून गेला. दोनच दिवसांनीं 'प्रावदा' पत्रांत 'संगीताऐवजीं गोंधळ' या मथळ्याचा लेख आला. लेखाखालीं सही नव्हती, आणि सही नसलेला लेख पक्षाचा असतो हें वाचणारास पक्कें ठाऊक होतें. असले चाळे चालू राहिले तर परिणाम वाईट होईल अशी धमकीहि त्यांत होती.

धमकी म्हणजे केवळ शब्द नव्हते. शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्हस्की यास जून १९३७ मध्यें गोळी घालण्यांत आली. बहिणीच्या नवऱ्यास अटक झाली, बहीण हद्दपार झाली, सासूची रवानगी श्रमछावणींत झाली. चौथी सिंफनी तालमी चालू असतांनाच डिसेंबर १९३६ मध्यें मागें घ्यावी लागली. ती लोकांच्या कानीं पडण्यास ३० डिसेंबर १९६१ हा दिवस उजाडावा लागला. मग त्यानें पांचवी लिहिली. २१ नोव्हेंबर १९३७ रोजीं लेनिनग्राडमध्यें ती प्रथम वाजली तेव्हां तिच्या संथ खंडांत सभागृहांतील कित्येक माणसें उघडपणें रडत होतीं, आणि शेवटीं टाळ्यांचा कडकडाट अर्ध्या तासावर चालला होता. ज्या वर्षीं नाहींशा झालेल्या माणसाचें नांव घेण्याचीहि चोरी होती त्या वर्षीं हजार-दोन हजार लोकांनीं एकत्र बसून रडावयाचें, आणि कशासाठीं रडतां असें विचारण्यास कोणाला सवड द्यावयाची नाहीं, ही सोय फक्त शब्दहीन संगीतांतच होती. राज्यकर्त्यांनींहि त्या रचनेचा अर्थ सोयीनें लावला. कलावंतानें टीका मान्य करून दिलेलें तें उत्तर आहे असें जाहीर झालें, आणि शोस्ताकोविच वांचला.

२२ जून १९४१ रोजीं जर्मन सैन्य रशियांत घुसलें. शोस्ताकोविचनें सैन्यांत भरती होण्यासाठीं अर्ज केला. दृष्टि अधू म्हणून तो नाकारण्यांत आला. तेव्हां संगीत विद्यालयाच्या छपरावर पडणारे आगीचे बाँब विझविणाऱ्या पथकांत तो गेला. शिरस्त्राण घातलेलें त्याचें त्या वेषांतलें चित्र पुढें अमेरिकेंतील 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलें. छपरावर त्यानें प्रत्यक्ष किती आगी विझविल्या याची चौकशी न केलेलीच बरी. त्याच्या मोलाचा माणूस धोक्यांत घालण्यास कोणी तयार नव्हतें. जुलैंत त्यानें सातवी सिंफनी लिहावयास घेतली. ८ सप्टेंबर रोजीं शहराभोंवतीं वेढा पुरा झाला. १७ सप्टेंबर रोजीं तो लेनिनग्राडच्या नभोवाणी केंद्रावर आला आणि नव्या सिंफनीचे दोन खंड लिहून झाले आहेत असें त्यानें नागरिकांस सांगितलें. शहरांतील नित्याचें काम चालू आहे एवढेंच त्यास सांगावयाचें होतें, आणि बाँबवर्षावांत तेंच ऐकण्याची लोकांस गरज होती. ऑक्टोबरच्या आरंभीं सरकारनें त्याला बायकामुलांसह विमानानें बाहेर काढलें, आणि व्होल्गाकांठच्या कुइबिशेव्ह गांवीं २७ डिसेंबरला रचना पूर्ण झाली.

या सिंफनीचा पहिला खंड सर्वांत प्रसिद्ध आहे. आरंभीं भरदार, मोकळ्या मनाचें संगीत येतें. मग सर्व शांत होतें आणि दुरून ताशासारख्या लहान ढोलाचा अगदीं बारीक ठेका ऐकूं येतो. त्यावर तंतुवाद्यांच्या तारा बोटांनीं छेडून एक सुटसुटीत, जवळजवळ पोरकट चाल वाजते. तीच चाल पुन्हां येते, पुन्हां येते. अकराबारा वेळां येते. आपल्याकडील गवई एकच मुखडा वारंवार घेतो, परंतु दर आवर्तनास रागाचें नवें अंग उलगडून दाखवितो, आणि त्या बढतींतच ऐकणाराचा आनंद असतो. येथें बढत अशी नाहींच. चालीचें अंग तसूभरहि उलगडत नाहीं, फक्त आवाज वाढतो, वाद्यें वाढतात, आणि जी चाल प्रथम खेळण्यासारखी वाटली तीच शेवटीं अंगावर येते. तींतील एक तुकडा लेहारच्या 'मेरी विडो' या हलक्याफुलक्या संगीतिकेंतून आलेला आहे, आणि ती संगीतिका हिटलरच्या आवडीची होती. हा कल्लोळ फुटून गेल्यावर बॅसून या खर्जांतल्या सुषिर वाद्याचा एकट्याचा विलाप येतो. तो फार लांब आहे. जाणकारांनीं ढोलाच्या भागावर पुष्कळ लिहिलें आणि कांहींनीं त्याची टरहि उडविली. हंगेरीचा संगीतकार बार्टोक यानें १९४३ सालच्या आपल्या एका रचनेंत त्या चालीचें विडंबन केलें असें मानतात. परंतु सिंफनीचा प्राण त्या विलापांत आहे.

आतां प्रश्न असा कीं हा विलाप कोणासाठीं? सरकारी अर्थ स्पष्ट होता: ढोल म्हणजे फॅसिस्टांची चाल, विलाप म्हणजे तिला बळी पडलेल्यांचा शोक. तो अर्थ खोटा नव्हता. कुइबिशेव्हमधील त्याच्या एका शेजारणीनें मात्र पुढें लिहून ठेवलें आहे कीं, ही रचना केवळ फॅसिझमसंबंधीं नसून कोणत्याहि जुलुमासंबंधीं, आपल्या स्वतःच्या व्यवस्थेसंबंधींहि आहे, असें तो खाजगींत बोलला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ सालीं, त्याच्या आठवणी म्हणून एक पुस्तक परदेशांत छापलें गेलें. त्यांत हाच सूर अधिक तीव्र आहे, पण त्या पुस्तकाच्या खरेपणाविषयीं पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. १९३७ सालीं नेलेल्या माणसांसाठीं रशियांत उघडपणें शोक करतां येत नव्हता. १९४१ सालीं मेलेल्यांसाठीं करतां येऊं लागला, नव्हे, तो करणें हें देशकार्य ठरलें. घरोघरीं कोंडलेल्या जुन्या दुःखाला या नव्या दुःखाच्या सावलींत प्रथमच जागा मिळाली. युद्धाचीं तीं भयंकर वर्षें श्वास घेण्यासारखीं होतीं असें तेथील अनेक लेखक-कलावंतांनीं मागाहून म्हटलें आहे, तें ऐकून परकीय माणूस चकित होतो. परंतु त्याचें कारण हेंच.

५ मार्च १९४२ रोजीं कुइबिशेव्ह येथें बोलशोय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदानें सामोसुदच्या संचालनाखालीं ही सिंफनी प्रथम वाजविली. मग तिचीं पानें सूक्ष्म फिल्मवर उतरवून विमानानें तेहरानला, तेथून मोटारीनें कैरोला आणि पुढें अमेरिकेस धाडण्यांत आलीं. लंडनहून सर हेन्री वुड यानें २२ जूनला आणि न्यूयॉर्कहून टोस्कानिनी यानें १९ जुलैला ती ध्वनिक्षेपित केली. मित्रराष्ट्रांना त्या वेळीं रशियाविषयीं प्रेम उत्पन्न करावयाचें होतें, आणि त्या कामीं शंभर भाषणांपेक्षां ही एक सिंफनी अधिक उपयोगी पडली. स्टालिनच्या सरकारनेंहि हें ओळखलें, आणि एप्रिलमध्यें रचनेस स्टालिनच्याच नांवाचें पहिल्या वर्गाचें पारितोषिक मिळालें.

परंतु ज्या शहराचें तें संगीत त्या शहरांत तें अजून वाजलें नव्हतें. तेथें काय चाललें होतें? २० नोव्हेंबर १९४१ पासून ऐन नाताळापर्यंत कामगाराखेरीज इतर माणसास दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यांतहि पीठ थोडें व भेसळ पुष्कळ. वेढ्यांत मेलेल्यांच्या संख्येचे अंदाज सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत केले जातात. बहुतेक मरण उपासमारीचें. नाटकगृहाचा वृंद आणि फिलहार्मोनिक सभेचा नांवाजलेला वाद्यवृंद आधींच दूर पाठविलेला होता. शहरांत उरला होता तो नभोवाणीचा दुय्यम वाद्यवृंद आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग.

नभोवाणीचें तेथील स्थान समजल्याखेरीज पुढील प्रसंगाचें मर्म कळणार नाहीं. लेनिनग्राडमध्यें घरोघरीं आणि रस्तोरस्तीं तारेनें जोडलेले ध्वनिवर्धक होते. त्यांवरून बातम्या येत, हवाई हल्ल्याचे इशारे येत, ओल्गा बेर्गोल्त्स ही कवयित्री आपल्या कविता वाचून दाखवी. कार्यक्रम नसे तेव्हां केंद्रांत मेट्रोनोम हें तालमापक यंत्र चालू ठेवीत. टिकटिक संथ असली तर आकाश मोकळें. ती जलद झाली कीं विमानें आलीं. थंडीनें गोठलेल्या अंधाऱ्या खोलींत पडलेल्या माणसास त्या आवाजावरून एवढेंच कळे कीं केंद्रांत कोणी तरी अजून जिवंत आहे. हिवाळ्यांत वाद्यवृंदाचे कार्यक्रम बंद पडले, कारण फुंकण्यास दम नव्हता आणि गज धरण्यास हात नव्हते. वसंतांत एलियासबर्गनें वृंद पुन्हां गोळा करावयास घेतला तेव्हां पहिल्या तालमीस पंधराच्या आसपास वादक आले असें सांगतात. तो स्वतःहि उपासानें खंगलेला होता. सिंफनीस तर शंभर माणसें पाहिजेत! शहरांत उरलेल्या वादकांनीं केंद्रावर यावें असें नभोवाणीवरून आवाहन झालें, त्यांना जादा शिधा मिळाला, आघाडीवरच्या सैनिकी बँडांतील माणसें बोलाविण्यांत आलीं. स्वरलिपीचीं पानें वेढ्यावरून उडणाऱ्या विमानानें आलीं आणि दुबळ्या हातांनीं प्रत्येक वाद्याच्या प्रती उतरवून काढण्यांत आल्या.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं फिलहार्मोनिक सभेच्या दिवाणखान्यांत दिवे लागले. आघाडीचा सेनापति गोव्होरोव्ह याच्या आज्ञेवरून रशियन तोफखान्यानें जर्मन तोफांवर अगोदरच भडिमार करून त्यांची तोंडें बंद केलीं, म्हणजे सव्वा तास शहरांत गोळा पडूं नये. लोक जवळ होते ते बरे कपडे घालून आले. ते त्यांच्या अंगावर लोंबत होते. सर्व शहरभर ध्वनिवर्धकांवरून ही मैफल ऐकविली गेली, आणि शत्रूच्या खंदकांपर्यंतहि तिचा आवाज पोंचविण्यांत आला. उत्कृष्ट वाद्यवृंदानें जसें वाजवावें तसें तें वाजलें नसेल. वादकांची स्थिति पाहतां तसें वाजणें अशक्यच होतें. पण त्या सायंकाळीं ऐकणारा आणि वाजविणारा यांची भूक एकच होती, आणि बॅसूनचा विलाप कोणासाठीं आहे हें तेथें कोणाला विचारावें लागलें नाहीं.

हीच तारीख मुंबईकरांना अगदीं निराळ्या कारणानें परिचित आहे. गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव होऊन त्याच पहांटे महात्मा गांधी आणि इतर पुढारी पकडले गेले. लेनिनग्राडच्या शौर्याचे पोवाडे गाणारें लंडनचें सरकार येथें तुरुंग भरत होतें. अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरानें स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला तो मनापासून. त्याला दिसत होतें तें कष्टकऱ्यांचें दूरचें शहर आणि त्याचा पराक्रम. त्या शहराच्या राज्यकर्त्यांनीं स्वतःच्याच कलावंतांचे काय हाल मांडले होते हें मुंबईंत फारसें कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

शोस्ताकोविच या बाबतींत एकटा नव्हता. सर्गेइ प्रोकोफिएव्ह हा त्याच्याहून वडील. परदेशांतील कीर्ति व पैसा सोडून तो १९३६ सालीं मॉस्कोंत कायमचा राहण्यास आला. आयझेनस्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' या १९३८ सालच्या बोलपटाला त्यानें संगीत दिलें. त्यांत जर्मन सरदारांचें सैन्य गोठलेल्या सरोवरावर रशियनांकडून मार खातें. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें स्टालिननें हिटलरशीं करार केला आणि बोलपट निमूटपणें पडद्यावरून नाहींसा झाला. १९४१ सालीं जर्मन घुसले तेव्हां तोच पुन्हां गांवोगांव दाखविला जाऊं लागला! संगीत तेंच, पण दोन वर्षें तें देशभक्तिपर नव्हतें. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांति'वर त्यानें लिहिलेल्या संगीतिकेंत सरकारी समितीनें अधिक वीररस आणि अधिक सेनापति मागितला. तो पुरवीत त्याचीं उरलेलीं वर्षें गेलीं, आणि संपूर्ण संगीतिका रंगभूमीवर पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं.

विजय मिळाल्यावर श्वास घेण्याची ती मुभा संपली. शोस्ताकोविचची आठवी सिंफनी १९४३ सालीं आली तीच फार काळोखी म्हणून नापसंत झाली होती. १९४५ सालीं नववीची वेळ आली. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा इतिहास सर्वांस ठाऊक. तेव्हां महानायकाचा गौरव करणारें, समूहगानासह कांहीं प्रचंड येणार अशी अपेक्षा होती. शोस्ताकोविचनें दिली ती सुमारें पंचवीस मिनिटांची, हलकी, खोडकर रचना. विजयाचा महोत्सव मांडण्याचें त्यानें टाळलें, आणि ही त्याची बहुधा सर्वांत धीट देशभक्ति होय. १० फेब्रुवारी १९४८ रोजीं पक्षाचा हुकूम निघाला. त्यांत शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, मियास्कोव्हस्की इत्यादिकांवर लोकविरोधी संगीत लिहिल्याचा ठपका ठेवला होता. सहा वर्षांपूर्वीं ज्याचें संगीत तोफांच्या आडून शत्रूस ऐकविलें त्याची विद्यालयांतील नोकरी गेली. त्याच महिन्यांत प्रोकोफिएव्हची पहिली पत्नी लीना हिला अटक होऊन पुढें वीस वर्षांची शिक्षा झाली. ती १९५६ सालीं सुटली. प्रोकोफिएव्ह स्वतः ५ मार्च १९५३ रोजीं वारला. त्याच दिवशीं स्टालिन मेला, आणि संगीतकाराच्या मृत्यूची बातमी छापण्यास वृत्तपत्रांना कित्येक दिवस जागा सांपडली नाहीं.

शोस्ताकोविचनें मग दोन मेजें मांडल्यासारखें केलें. एकावर 'अरण्यांचें गीत' ही स्टालिनच्या वृक्षारोपण योजनेची स्तुति १९४९ सालीं लिहून झाली आणि तिला पारितोषिक मिळालें. दुसऱ्याच्या खणांत व्हायोलिनसाठीं लिहिलेली पहिली मोठी रचना आणि ज्यू लोककवितांवरील गीतें १९४८ पासून पडून राहिलीं, तीं स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५५ सालीं बाहेर आलीं. या दोन्हींतील देशप्रेम कोणतें खरें, हा प्रश्न त्याच्यावर रागावणारे नेहमीं विचारतात. घरांत दोन लेंकरें आणि दारावर केव्हां थाप पडेल याचा नेम नाहीं, अशा माणसास तो विचारण्यापूर्वीं थोडें थांबावें हें बरें.

एलियासबर्गची हकीकत लहान आहे. युद्ध संपल्यावर नांवाजलेला वाद्यवृंद आणि त्याचा नांवाजलेला संचालक लेनिनग्राडला परत आले, आणि वेढ्यांत उभा राहिलेला माणूस मागें पडला. परगांवच्या वाद्यवृंदांपुढें उभा राहून त्यानें पुढील आयुष्य काढलें. २७ जानेवारी १९६४ रोजीं वेढा उठल्यास वीस वर्षें झालीं, तेव्हां त्याला बोलावणें आलें. १९४२ सालच्या वादकांपैकीं जे हयात होते ते आपलीं वाद्यें घेऊन आले, त्याच दिवाणखान्यांत सातवी सिंफनी पुन्हां वाजली, आणि ऐकणारांत शोस्ताकोविच बसला होता.